वनस्पती श्वसन केव्हा करतात : दिवसा, रात्री की सतत?

प्रश्न : दहावीची विद्यार्थिनी

नमस्कार. आमच्या सहामाही परीक्षेत "चूक की बरोबर ते सकारण लिहा" या प्रश्नात एक विधान आले होते : वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन करतात. मी विधान बरोबर ठरवले. दिवसा झाडे ऑक्सिजन सोडतात आणि रात्री कार्बन डायऑक्साइड सोडतात, असे कारणही लिहिले. त्याला शून्य गुण मिळाले. श्वसन चोवीस तास चालू असते, एवढे बाईंनी उत्तरपत्रिका देताना सांगितले, पण तेवढ्यात तास संपला आणि पुढचे विचारायचे राहून गेले.

घरी येऊन पुस्तक पुन्हा वाचले, तर शंका कमी होण्याऐवजी वाढल्या. पान दिवसाही ऑक्सिजन घेत असेल, तर पाणवनस्पती उन्हात ठेवण्याच्या प्रयोगात आपल्याला फक्त ऑक्सिजनचे बुडबुडे वर येताना का दिसतात? आपल्याला फुप्फुसे आहेत, माशांना कल्ले आहेत. झाडाला असे काहीच नाही, मग पर्णरंध्रे उघडणे यालाच झाडाचा श्वास म्हणायचे का? आणि मला सर्वांत जास्त सतावणारी गोष्ट अशी की, दोन्ही क्रियांची समीकरणे एकमेकांखाली लिहिली तर दुसरे पहिल्याच्या बरोबर उलटे दिसते. आधी कष्टाने ग्लुकोज तयार करायचे आणि मग तेच मोडायचे, यात झाडाला काय मिळते? सूर्यप्रकाशातली ऊर्जा ते थेट का वापरत नाही? मला गुणांपेक्षा हे समजून घ्यायचे आहे.

उत्तर : निवृत्त शिक्षिका

तुझे उत्तर चुकले, पण ज्या निरीक्षणावरून तू ते लिहिलेस ते निरीक्षण खरे आहे. हिरवे झाड उन्हात असताना त्याच्यातून ऑक्सिजन बाहेर पडतो आणि अंधारात कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, यात शंका नाही. चूक होते ती पुढच्या पायरीवर. पानाबाहेर जे दिसते तेच पानाच्या आतही घडत असणार, असे आपण गृहीत धरतो. बाहेर जे मोजता येते ती दोन क्रियांची वजाबाकी असते.

समज, एका पानातील हरितलवके (पेशीतील प्रकाशसंश्लेषण करणारे हिरवे भाग) भर उन्हात ठरावीक वेळात ऑक्सिजनचे दहा भाग तयार करतात आणि त्याच पानातील पेशी श्वसनासाठी एक भाग वापरतात. (हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, प्रत्यक्षात हे प्रमाण वनस्पतीनुसार, तापमानानुसार आणि प्रकाशानुसार बदलते.) बाहेर नऊ भाग येतील. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल की पान फक्त ऑक्सिजन सोडते. जो एक भाग वापरला गेला तो पानाबाहेर आलाच नाही. हरितलवकातून निघून तो त्याच पेशीतल्या तंतुकणिकेत, म्हणजे श्वसन जिथे होते त्या भागात, गेला. कार्बन डायऑक्साइडचेही तसेच आहे. तंतुकणिकेने सोडलेला वायू शेजारच्या हरितलवकाने तिथल्या तिथे उचलला. तुझ्या प्रयोगात वर येणारे बुडबुडे हे खर्च भागवून उरलेले शिल्लक आहेत.

आता ऊन कमी होऊ लागले की काय होते ते पाहा. प्रकाशसंश्लेषणाचा वेग प्रकाशाबरोबर घटत जातो, श्वसन मात्र चालूच राहते. पहाटे आणि संध्याकाळी अशी एक वेळ येते की ऑक्सिजन जेवढा तयार होतो तेवढाच वापरला जातो, आणि पान बाहेरच्या हवेतून निव्वळ काहीच घेत नाही आणि तिला काही देतही नाही. याला समतोल बिंदू म्हणतात. त्या वेळी पान निष्क्रिय आहे असे बाहेरून वाटेल, पण आत दोन्ही क्रिया चालू असतात. त्यानंतर अंधार पडला की पहिली क्रिया थांबते आणि आधीपासून चालू असलेली दुसरी क्रिया उघडी पडते. रात्री श्वसन सुरू होत नाही. रात्री ते दिसू लागते. तुझ्या कारणात हे एक वाक्य असते, तर उत्तर बरोबर आले असते.

हा गोंधळ पूर्वीच्या संशोधकांनाही सोडवावा लागला होता. जोसेफ प्रिस्टली यांनी १७७१ मध्ये बंद भांड्यातील हवेत मेणबत्ती विझेपर्यंत जळू दिली, त्या हवेत पुदिन्याची फांदी ठेवली आणि काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळू शकते हे दाखवले. वनस्पती हवा सुधारतात, असा त्याचा अर्थ निघाला. पण हा प्रयोग दर वेळी सारखा येईना. यान इंगेनहाउस यांनी १७७९ मध्ये त्याचे कारण शोधले. हवा सुधारण्याचे काम वनस्पतीचे फक्त हिरवे भाग करतात आणि तेही प्रकाशातच. अंधारात मात्र संपूर्ण वनस्पती हवा बिघडवते, आणि मुळे, फुले यांसारखे हिरवे नसलेले भाग तर उजेडातही बिघडवतात. या शेवटच्या भागाकडे नीट लक्ष दे. मूळ दिवसाही कार्बन डायऑक्साइडच सोडते, कारण त्याच्या पेशींत हरितलवके नाहीत आणि तिथे श्वसन झाकायला दुसरी क्रियाच नाही. "दिवसा प्रकाशसंश्लेषण, रात्री श्वसन" हे विधान मुळाला लावून पाहिले, की त्यातला दोष लगेच लक्षात येतो.

उत्तर : प्रयोगशाळा सहायक

बाईंनी जो समतोल बिंदू सांगितला तो डोळ्यांनी पाहता येतो, म्हणून लिहितो. शाळेच्या प्रयोगशाळेत बायकार्बोनेट दर्शक द्रावण असेल तर चार परीक्षानळ्या घ्याव्यात. साध्या हवेशी समतोल साधलेल्या या द्रावणाचा रंग लालसर असतो. कार्बन डायऑक्साइड वाढला की ते पिवळे होते आणि कमी झाला की जांभळे होते. प्रत्येक नळीत थोडे द्रावण घालून तीन नळ्यांत एकेक ताजे पान द्रावणाला न टेकेल असे अडकवावे आणि चौथी नळी पानाशिवाय ठेवावी. सर्वांना घट्ट बूच लावावे. पानाची एक नळी उघड्या प्रकाशात ठेवावी, एकीवर चांदीसारखा चकाकता कागद पूर्ण गुंडाळावा आणि एकीवर विरळ जाळीदार कापड गुंडाळावे. काही तासांनी प्रकाशातले द्रावण जांभळे आणि अंधारातले पिवळे झालेले दिसते. कापड योग्य जाडीचे असेल तर तिसऱ्या नळीतले द्रावण लालच राहते, म्हणजे रिकाम्या चौथ्या नळीसारखे. माझ्या मते या तिसऱ्या नळीसाठीच हा प्रयोग करावा, कारण रंग न बदलणे म्हणजे काहीच न घडणे नव्हे, हे ती शिकवते. कापडाचे एक-दोन पदर कमी-जास्त करून पाहावे लागते. पहिल्याच वेळी जमेल असे नाही.

केवळ श्वसन पाहायचे असेल तर हिरवा भाग नसलेली वस्तू घेणे सोपे पडते. मोड आलेले बी बंद शंकुपात्रात ठेवून त्यातील हवा चुन्याच्या निवळीतून जाऊ दिली की निवळी दुधाळ होते. हेच बी थर्मासमध्ये भरून कापसाच्या बोळ्यातून तापमापी आत सोडली आणि थर्मास उलटा ठेवला, तर दोन-तीन दिवसांत तापमान चढलेले दिसते. तुलनेसाठी दुसऱ्या थर्मासमध्ये उकळलेले बी ठेवतात. इथे बहुतेक वेळा एक चूक होते. उकळलेले बी जंतुनाशकात धुतले नाही, तर त्यावर जिवाणू आणि बुरशी वाढतात, त्या जिवांच्या श्वसनाने तो थर्मासही गरम होतो आणि प्रयोग फसल्यासारखा वाटतो. फसलेला प्रयोगही खरे तर श्वसनच दाखवत असतो, पण ते बियांचे नसते.

झाडाच्या श्वसनातून उष्णता निघते हे अनेकांना खरे वाटत नाही. कमळाचे फूल उमलताना बाहेरचे तापमान १० अंश सेल्सिअसपर्यंत उतरले तरी स्वतःचे तापमान ३० ते ३६ अंशांच्या दरम्यान राखते, आणि ती उष्णता त्याच्या पेशींच्या वेगवान श्वसनातूनच येते.

उत्तर : जीवशास्त्राचा पदवीधर

फुप्फुसांविषयीच्या शंकेचे उत्तर देतो. श्वासोच्छ्वास आणि श्वसन हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. श्वासोच्छ्वास म्हणजे हवा आत घेणे आणि बाहेर टाकणे. त्यासाठी श्वासपटल, बरगड्या, स्नायू लागतात. श्वसन ही पेशीच्या आत चालणारी रासायनिक क्रिया आहे, जिच्यात अन्नाचे विघटन होऊन ऊर्जा मिळते. पहिली क्रिया दुसरीला ऑक्सिजन पुरवण्याची एक पद्धत आहे, आणि सगळ्या सजीवांना त्या पद्धतीची गरज पडत नाही.

गांडुळाला फुप्फुसे नाहीत. त्याच्या ओलसर त्वचेतून ऑक्सिजन विसरणाने, म्हणजे जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे आपोआप पसरून, रक्तात जातो. कीटकांच्या शरीरावर श्वासरंध्रे असतात आणि तिथून निघालेल्या बारीक नलिका हवा थेट ऊतींपर्यंत नेतात, त्यामुळे त्यांच्या रक्ताला ऑक्सिजन वाहण्याचे काम फारसे करावेच लागत नाही. माशाचे कल्ले पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन घेतात. आपण आत घेतलेल्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो आणि उच्छ्वासात तो सुमारे १६ टक्के उरतो. कार्बन डायऑक्साइड मात्र ०.०४ टक्क्यांवरून जवळपास ४ टक्क्यांवर जातो. हा फरक वायुकोशांत पडलेला दिसतो, पण ऑक्सिजन प्रत्यक्षात खर्च होतो तो स्नायूंच्या, मेंदूच्या, यकृताच्या पेशींत. एक उदाहरण मला फार बोलके वाटते : आपल्या तांबड्या रक्तपेशी आयुष्यभर ऑक्सिजन वाहून नेतात, पण त्यांच्यात तंतुकणिका नसल्यामुळे स्वतः तो वापरू शकत नाहीत आणि ऑक्सिजनविना होणाऱ्या ग्लुकोजच्या विघटनावरच जगतात.

झाडाला हवा ओढून घ्यावी लागत नाही, कारण ते चालत-पळत नाही, त्यामुळे त्याची ऊर्जेची गरज प्राण्याच्या मानाने कमी असते. शिवाय पान पातळ असते आणि त्याच्या आत पेशींमध्ये हवेच्या मोकळ्या जागा असतात. पर्णरंध्रांतून आणि खोडावरील वल्करंध्रांतून वायू विसरणाने येत-जात राहतात. पर्णरंध्रांची उघडझाप ही छातीच्या हालचालीसारखी नाही. रक्षक पेशींत पाणी भरले की ती उघडतात, पाणी कमी झाले की मिटतात, आणि त्यात कार्बन डायऑक्साइड मिळवणे व पाणी वाचवणे यांचाच हिशेब मुख्य असतो. बहुतेक झाडांची पर्णरंध्रे रात्री मिटलेली असतात, तरी श्वसन थांबत नाही. तेवढ्यापुरता ऑक्सिजन पानातील हवेतून आणि इतर वाटांनी मिळत राहतो.

खरी अडचण मुळांची होते. ऑक्सिजन पाण्यातून हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. जमिनीत पाणी साचून राहिले की मातीतील हवेच्या जागा पाण्याने भरतात आणि मुळांचा ऑक्सिजन तुटतो. मग मुळांना विनॉक्सिश्वसनावर (ऑक्सिजनविना होणाऱ्या श्वसनावर) भागवावे लागते, ऊर्जा फार थोडी मिळते, क्षार शोषून घेण्याचे काम मंदावते आणि चहूकडे पाणी असतानाही झाड कोमेजते. खारफुटीच्या काही झाडांची मुळे चिखलातून वर हवेत येतात ती याच कारणाने.

थोडक्यात, श्वसन ही प्रकाशसंश्लेषणाची उलट क्रिया आहे आणि ती सर्व सजीवांत चालते.

उत्तर : जीवरसायनशास्त्राची विद्यार्थिनी

वरचे उत्तर मला पटले, पण त्यातील शेवटच्या वाक्याला माझी हरकत आहे, कारण मूळ प्रश्नातली मोठी शंका त्यातूनच जन्मते. सुरुवातीचे आणि शेवटचे पदार्थ पाहिले तर दोन्ही क्रिया उलट दिसतात. वाट मात्र निराळी आहे. प्रकाशसंश्लेषण हरितलवकात होते. श्वसनाची सुरुवात पेशीद्रव्यात होते, तिथे ग्लुकोजच्या एका रेणूपासून पायरुविक आम्लाचे दोन रेणू बनतात, आणि पुढचे टप्पे तंतुकणिकेत पार पडतात. दोन्हीकडची विकरे (रासायनिक क्रियांना वेग देणारी प्रथिने) बहुतांशी वेगळी आहेत आणि मधले पदार्थही बरेचसे वेगळे आहेत. गेलेल्या वाटेनेच परत येणे, असे हे नाही.

समीकरण शब्दशः वाचले की काय फसगत होते, याचे एक उदाहरण देते. कार्बन डायऑक्साइडचे सहा आणि पाण्याचे सहा रेणू मिळून ग्लुकोजचा एक आणि ऑक्सिजनचे सहा रेणू होतात, असे आपण लिहितो. बाहेर पडणारा ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून सुटला असावा, असे त्यावरून सहज वाटते. १९४१ मध्ये सॅम्युएल रूबेन, मार्टिन केमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सिजनचा १८ वस्तुमानांक असलेला समस्थानिक वापरून तपासले, तेव्हा तो पाण्यातून येतो असे दिसले. ऑक्सिजनच्या सहा रेणूंत बारा अणू असतात, आणि ते सर्व पाण्यातूनच यायचे तर पाण्याचे बारा रेणू लागतील. म्हणूनच काही पुस्तकांत डावीकडे बारा आणि उजवीकडे पुन्हा सहा रेणू पाणी लिहिलेले आढळते. त्यामागे हे कारण आहे.

आता "थेट का वापरत नाही" या प्रश्नाकडे वळते. झाड सूर्याची ऊर्जा थेट वापरते, पण हरितलवकाच्या आत. तिथे प्रकाशाच्या साहाय्याने एटीपी, म्हणजे पेशीला लगेच वापरता येईल अशी ऊर्जा पुरवणारा रेणू, तयार होते आणि त्याचा बहुतेक भाग तिथेच शर्करा बनवण्यात खर्च होतो. एटीपी हे चलन आहे, साठा नाही. पेशीत ते फार थोडे असते आणि अल्पावधीत खर्च होऊन पुन्हा बनवावे लागते. आपल्या शरीरात एका वेळी असलेले एटीपी फारच कमी असते, पण ते इतक्या वेळा मोडून पुन्हा घडवले जाते, की दिवसभरातील एकूण वापर शरीराच्या वजनाच्या जवळपास जातो. असा पदार्थ पानातून मुळापर्यंत पाठवता येत नाही, रात्रीसाठी राखून ठेवता येत नाही आणि बियांत भरून पुढच्या हंगामापर्यंत टिकवता येत नाही. शर्करा मात्र रसवाहिन्यांतून सुक्रोजच्या रूपात मुळापर्यंत जाते आणि स्टार्चच्या रूपात कंदात, बियांत साठते. जिथे आणि जेव्हा ऊर्जा हवी, तिथे आणि तेव्हा ती पेशी श्वसन करून स्वतःचे एटीपी बनवते. मातीत पुरलेल्या बियाला पहिले हिरवे पान फुटेपर्यंत दुसरा मार्गच नसतो. म्हणून ग्लुकोज बनवणे आणि मोडणे हा वाया गेलेला उद्योग नाही. मधल्या काळात ती ऊर्जा जागा आणि वेळ बदलते. शिवाय सगळी शर्करा मोडली जात नाही. मोठा भाग सेल्युलोज आणि इतर घटक बनून झाडाच्या देहात राहतो.

किती ऊर्जा मिळते याबद्दल पुस्तकांत फरक दिसेल. ऑक्सिश्वसनात ग्लुकोजच्या एका रेणूपासून एटीपीचे ३८ रेणू मिळतात असे शालेय पुस्तकांत असते, तर आताचे हिशेब ३० ते ३२ सांगतात. परीक्षेत तुमच्या पुस्तकातला आकडा लिहा. ऑक्सिजनविना केवळ २ मिळतात, यावर मात्र कुठेच मतभेद नाही. पाण्यात बुडालेल्या मुळांची उपासमार का होते, ते या दोन आकड्यांतून कळते.

उत्तर : एक पालक

या निमित्ताने विचारतो. काही झाडे रात्रीही ऑक्सिजन सोडतात, म्हणून ती झोपण्याच्या खोलीत ठेवावीत, असे सर्रास वाचायला मिळते. त्यात तथ्य आहे का?

उत्तर : निवृत्त शिक्षिका

नाही, पण हा समज कुठून आला असावा हे सांगता येते. निवडुंग, कोरफड, अननस अशा कोरड्या हवेत तग धरणाऱ्या वनस्पती पाणी वाचवण्यासाठी पर्णरंध्रे दिवसा मिटून ठेवतात आणि रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड त्या मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींच्या रिक्तिकांत साठवतात आणि दिवसा आतल्या आत मोकळा करून त्यापासून शर्करा बनवतात. म्हणजे रात्री कार्बन डायऑक्साइड घेतला जातो, इतके खरे आहे. ऑक्सिजन मात्र पाण्याचे विघटन झाल्यावरच सुटतो आणि त्याला प्रकाश लागतो, त्यामुळे अंधारात तो तयार होत नाही. उलट बाजूची भीतीही तितकीच निराधार आहे : कुंडीतले रोप रात्रभरात सोडते तो कार्बन डायऑक्साइड त्याच खोलीत झोपलेल्या माणसाच्या उच्छ्वासापुढे नगण्य असतो.

प्रतिसाद : दहावीची विद्यार्थिनी

सर्वांचे मनापासून आभार. मी उत्तर नव्याने लिहून पाहिले आहे, कृपया तपासावे. "विधान चूक आहे. वनस्पतीची प्रत्येक पेशी दिवसा आणि रात्री, सतत श्वसन करते. दिवसा हिरव्या भागांत प्रकाशसंश्लेषणाचा वेग श्वसनापेक्षा जास्त असल्यामुळे श्वसनात तयार झालेला कार्बन डायऑक्साइड तिथेच वापरला जातो आणि उरलेला ऑक्सिजन बाहेर पडतो. अंधारात प्रकाशसंश्लेषण थांबते, त्यामुळे श्वसनातील वायूंची देवाणघेवाण दिसू लागते. मुळांसारख्या हिरव्या नसलेल्या भागांत ती दिवसाही दिसते."

उत्तर : निवृत्त शिक्षिका

उत्तर चांगले आहे. एकच शब्द घाल : "प्रत्येक जिवंत पेशी". पाणी वर नेणाऱ्या जलवाहिन्यांतील पेशी त्यांचे काम सुरू होण्यापूर्वीच मृत झालेल्या असतात आणि जुन्या झाडाच्या खोडाच्या गाभ्यातले लाकूडही तसेच असते. त्या पेशी श्वसन करत नाहीत.